जखम नसलेले पाय

सुलोचना सिस्टर माणसाचा चेहरा शेवटी बघायच्या. आधी पाय. ओपीडीत कुणी आत आले की त्यांची नजर सरळ खाली जायची. चपला कुठल्या बाजूने झिजल्यात, अंगठ्यावरचे केस गेलेत का, नखे जाड झालीत का, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा फिके दिसतेय का. मग हळूहळू नजर वर. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हाही त्या माझ्या सँडलकडेच बघत होत्या.

"नवी टायपिस्ट व्हय? कॉन्व्हेंटची दिसतीस."

सँडलवरून हे कसे कळले ते मी विचारले नाही. तेव्हा मी कुणालाच काही विचारत नसे. मी बेळगावशेजारच्या मच्छे गावची. शाळा इंग्रजी, घर मराठी, बाजार कन्नड, आणि तिन्ही भाषांत मला छान गप्प बसता यायचे. सिस्टरांनी त्या दिवसापासून माझे नाव 'कॉन्व्हेंट' ठेवले आणि शेवटपर्यंत बदलले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. बेळगावच्या कॅम्प भागात एका ट्रस्टचे हॉस्पिटल होते. तिथले सर्जन इंग्लंडला शिकून आले होते. येताना त्यांनी पदरच्या पैशाने एक यंत्र आणले होते. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, तिला एक वायर आणि वायरच्या टोकाला जाड पेन्सिलीसारखी कांडी. कांडीच्या टोकाला चिकट जेली लावून ती घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे टेकवायची. कांडीतून निघालेल्या ध्वनिलहरी माणसाला ऐकू येत नाहीत. पण त्या वाहत्या रक्तावर आपटून परत आल्या की पेटी त्यांचा आवाज करते. निरोगी रक्तवाहिनी चाबकासारखी वाजते, एक मोठा फटकारा आणि मागोमाग दोन बारके. आत चरबी साचून किंवा सूज येऊन वाट अरुंद झाली की बारके फटकारे जातात, आणि उरतो तो बंद दारामागून कुणी फुंकर घालावी तसा एकसुरी आवाज. त्याच वेळी घोट्याला दाबाचा पट्टा बांधायचा आणि दंडाच्या दाबाशी ताडून बघायचे. घोट्याचा दाब बराच कमी भरला, की पायाच्या रक्तवाहिनीचा आजार.

एवढे सोपे. पण आमच्याकडे ते यंत्र भरतकाम केलेल्या रुमालाखाली कपाटात असायचे. बाहेर निघायचे ते एखाद्याचा पाय काळा पडून वास यायला लागल्यावर. डॉक्टरसाहेब घोट्यापासून मांडीपर्यंत कांडी फिरवायचे आणि आवाज जिथून सुरू होई त्याच्या जरा खाली निळ्या शाईची रेघ मारायचे. तिथे कापायचे.

असाच एकदा रेघ मारण्याचा कार्यक्रम चालला होता. मी रिपोर्ट लिहून घ्यायला कोपऱ्यात उभी. सिस्टर पाय धरून बसलेल्या. त्या अचानक म्हणाल्या, "साहेब, कुठं कापायचं ते सांगायला ह्यो डबा एवढ्या लांबनं आलाय व्हय? कापायलाच लागू नये म्हणून काढा की बाहेर."

"सिस्टर, ज्यांना तक्रारच नाही ते कशाला येतील आपल्याकडे?"

"ते येणार न्हाईत. आपण जायाचं."

साहेब हसले. सिस्टर हसल्या नाहीत.

त्यांचे हसू का आटले होते ते मला नंतर कळले. सिस्टर निपाणीच्या. त्यांचे वडील, आबा, तंबाखूच्या वखारीत हमाल होते. वडिलांचा पाय तीन वेळा कापला. आधी बोटे, मग गुडघ्याखाली, मग मांडीत. दरवेळी कुणीतरी म्हणायचे, आता बास, आता मिटले. तिसऱ्या खेपेनंतर वडीलच मिटले. त्याच वखारीत आता त्यांचा थोरला भाऊ, पिराजीअण्णा, हमालांचा मुकादम होता. वडिलांसारखाच धिप्पाड, वडिलांसारखाच दिवसाला दोन बंडल बिड्या ओढणारा, आणि सिस्टरांना आठवत होते तसाच, वडिलांसारखाच, चालता चालता मध्येच थांबणारा.

"अण्णाचा पाय मला ऐकायचाय," त्या मला म्हणाल्या होत्या. "एकदा. जखम व्हायच्या आधी." पुढे जे काही झाले ते सगळे ह्या एका हट्टातून झाले.

सिस्टर दिवसभर जमिनीवर बसून काम करायच्या. रोग्याला पलंगावर बसवायचे आणि स्वतः पायाशी पाट घेऊन बसायचे. एकदा गावाकडचा एक पाटील संकोचून पाय मागे घ्यायला लागला. त्याचा संकोच सिस्टरांच्या कांबळे ह्या आडनावाचा होता की बाईमाणसाचा, मला सांगता येणार नाही. सिस्टरांनी त्याचे पाऊल धरून पुढे ओढले. "मी पायाशी बसते, पाटील. पाया पडत न्हाई. दोन्हीत घोटाळा करू नका." पाटलाने नंतर पाय हलवला नाही.

इंग्लंडची जेली संपली तेव्हा डॉक्टरसाहेब हळहळले, आता मागवायची कशी. सिस्टरांनी घरी जवस उकळून गाळला. त्याचा जो बुळबुळीत रस निघाला तो मुरांब्याच्या बरणीत भरून आणला. आवाज तसाच आला. फक्त त्या दिवसापासून आमच्या तपासणीच्या खोलीला चटणीचा वास यायला लागला. कन्नड रोगी आला की "कालु तोरस्री" म्हणून पाय मागायच्या, मराठी आला की "आणा हिकडं." पट्टा फुगवताना डोळे मिटायच्या. आवाज परत सुरू झाला की हात वर करायच्या आणि मी तो आकडा टिपायचा. खोलीत कुणी खोकले तरी त्यांना चालत नसे. मी गप्प असायचे, म्हणून मला बोलावत असाव्यात.

रोग्याला त्या कधी 'दुखतं का' विचारत नसत. "दुखतं का म्हटलं की बाप्ये न्हाई म्हणत्यात. किती खांबांवर थांबता, म्हणून इचारायचं." हॉस्पिटलपासून बसस्टँडकडे चालत जाताना रस्त्यावरच्या विजेच्या कितव्या खांबापाशी पोटरीत गोळा येतो, हा त्यांचा प्रश्न. दहा माणसांत नऊ जण न अडखळता उत्तर द्यायचे. चौथा. सहावा. मीही रिपोर्टात इंग्रजीत तसेच टाइप करायला लागले. डॉक्टरसाहेबांनी कागद माझ्यासमोर धरला. "चार खांब? हे हॉस्पिटल आहे की वीज खातं? आणि प्रत्येक खांबातलं अंतर सारखं असतं का?"

 सिस्टर शिवणाच्या खोलीतून शिंप्याची टेप घेऊन आल्या आणि दुसरे टोक माझ्या हातात दिले. भर दुपारी बाराला आम्ही दोघी हॉस्पिटलच्या फाटकापासून स्टँडपर्यंतचा रस्ता मोजत गेलो. दर दीड मीटरला वाकायचे, खडूने खूण करायची. सायकलवाले घंटा वाजवत होते, कुणीतरी ओरडले, "आक्का, रस्ता इकत घेतला काय?" "तुझ्या लग्नाचा मांडव घालायचाय," सिस्टर न बघता म्हणाल्या. मला जमिनीत शिरावेसे वाटत होते. खांबांतली अंतरे खरेच सारखी नव्हती. सिस्टरांनी प्रत्येक खांबापुढे मीटर लिहून तो तक्ता तपासणीच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवला. महिन्याभराने डॉक्टरसाहेब एका रोग्याला विचारताना मी ऐकले, "किती खांबांवर थांबता?"

त्या तक्त्यामुळेच मला माझ्या वडिलांकडे बघायची नजर आली. बाबा संध्याकाळी मच्छ्याला बसमधून उतरले की घरी येताना वाटेत दोनदा थांबायचे. एकदा सिनेमाचे पोस्टर बघायला, एकदा कुणाचे तरी भाताचे रोप बघायला. मी लहानपणापासून समजत होते की त्यांना पोस्टरांची आवड आहे. मी सिस्टरांना भीतभीत सांगितले, आणि त्या एका सुट्टीला पेटी घेऊन आमच्या घरी आल्या.

आईने सगळ्यांना कपबशीतून चहा दिला. सिस्टरांना दिला तो कप फडताळाच्या वेगळ्या कोपऱ्यातला होता, कान तुटलेला. मी तो ओळखला. आमच्या शेतावर काम करणाऱ्या बायकांचा कप. मी बोलायला हवे होते. सिस्टरांनी कप हातात फिरवून बघितला.

"वहिनी, ह्यो फुटलाय. चांगला द्या, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

"बाकीचे... धुवायला पडलेत," आई म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे." कप खाली ठेवून त्यांनी बाबांचा पायजमा वर सारला आणि पुढचा पाऊण तास, जराही घाई न करता, दोन्ही पाय ऐकले. डाव्या पायाचा दाब दंडापेक्षा कमी भरला. जखम नाही, रंग बदललेला नाही, तक्रार नाही. "पोस्टर बघणं बंद करायचं असंल तर सिगारेट बंद करा. आणि रोज चालायचं. दुखलं की थांबायचं, थांबलं की परत चालायचं. आता सोडली तर ह्यो पाय तुमचाच ऱ्हातोय." चहा तसाच गार झाला. बाबांनी सिगारेट त्या महिन्यात सोडली. आईला तो कप सोडायला आणखी दोन वर्षे लागली.

निपाणीला जायला डॉक्टरसाहेब शेवटी तयार झाले, म्हणजे स्वतः यायला नव्हे, पेटी द्यायला. रविवारी सकाळी काकतीवरून जाणारी बस धरायची. सिस्टरांच्या मांडीवर पेटी, माझ्या मांडीवर फॉर्म आणि जवसाची बरणी. वखारीच्या फाटकावर दिवाणजींनी आम्हाला आत घेतले नाही. "मालकांची परवानगी न्हाई. धट्टीकट्टी माणसं हाईत आमची. तुम्ही कशाला रोग शोधताय?"

"रोग मी शोधत न्हाई. ह्यो आधीपासनं आत बसलाय. मी नुस्तं दार वाजवते," सिस्टर म्हणाल्या, आणि वळून हमालांच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओसरीवर जाऊन पाट मांडला. थोड्या वेळाने हमाल जमले, वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका जमल्या. सिस्टरांनी त्यांना तपासणी समजावली ती अशी: "निपाणीतनं ट्रक भरून निघाला आन् कोल्हापुरात अर्धाच पोचला, तर मधल्या नाक्यावर कुणीतरी माल उतरवून घेतला का न्हाई? तसंच. दंडात जेवढं भरलंय तेवढं घोट्यात पोचतंय का, एवढंच बघायचं." हमालांनी माना हलवल्या. सीमेवरचा नाका त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता.

पण पाय कुणीच पुढे करेना. सगळे पिराजीअण्णांकडे बघत होते. अण्णा ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते, कानावर बिडी.

"माझा पाय झ्याक हाय," अण्णा म्हणाले. "जरा चाललं की धरतो, खरं. एक बिडी ओढली की मोकळा हुतो. बिडीच औषध हाय त्याचं."

"व्हय व्हय," चारपाच जण म्हणाले. आणि तेव्हा मला कळले की हा एकट्या अण्णांचा समज नव्हता. सगळ्या वखारीचा होता. पोटरीत गोळा आला की थांबायचे, बिडी पेटवायची, ओढून होईपर्यंत गोळा जातो, मग पुढे. ज्या बिडीमुळे पाय हातचा जात होता तिलाच ही माणसे वर्षानुवर्षे पायाचे औषध समजून ओढत होती. म्हाताऱ्यांनी तरुणांना शिकवलेले औषध. सिस्टरांच्या वडिलांनीही अण्णांना हेच शिकवले असणार.

सिस्टर उठल्या. "चल, अण्णा. सगळ्यांदेखत चालून दाखीव."

अण्णा हसत निघाले, मागे सगळी वस्ती. पाचव्या खांबाशी अण्णांचा पाय धरला. त्यांनी बिडी ओढली. सिस्टरांनी घड्याळ बघितले. तीन मिनिटांनी अण्णा म्हणाले, "झाला मोकळा. बघितलंस?"

"बघितलं. आता परत फिर. हितनं पाच खांब."

परतीच्या पाचव्या खांबाशी पाय पुन्हा धरला. अण्णांनी दुसरी बिडी काढून पेटवली, एवढ्यात सिस्टरांनी ती त्यांच्या ओठांतून काढून घेतली. "आता ही माझ्या हातात जळंल. औषध हाय न्हवं? मग कुणाच्या बी हातात असू दे."

भर रस्त्यात, वस्तीच्या सगळ्या आयाबायांपुढे, पांढऱ्या साडीतली ती बाई दोन बोटांत पेटती बिडी धरून उभी राहिली. कुणीतरी शिट्टी मारली. एक म्हातारी म्हणाली, "आगं सुले, टाक ती. लाज हाय का न्हाई?" सिस्टरांनी हात आणखी वर धरला. बिडी ओढली नाही तर विझते. तीही विझली.  सगळे अण्णांच्या पोटरीकडे बघत होते.

"काय झालं, अण्णा? हाय गोळा?"

अण्णांनी पाय झटकला. खोटे बोलता येत नाही अशा माणसांपैकी ते होते. "...न्हाई," ते म्हणाले.

"किती वेळ झाला गं, कॉन्व्हेंट?"

"तीन मिनिटं," मी म्हटले. त्या गर्दीत मी मोठ्याने बोललेले ते पहिले शब्द.

"इसावा घेतला म्हणून पाय सुटला," सिस्टर सगळ्यांकडे वळून म्हणाल्या. "बिडी मेली तरी सुटला. आता सांगा, औषध कुठलं?"

एक तरुण हमाल खो खो हसला. मग दुसरा. मग सगळेच. अण्णांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी सिस्टरांच्या हातातली विझलेली बिडी घेतली, जमिनीवर टाकली आणि चालायला लागले. "चारचौघांत हातात बिडी धरलीस. मला भैन न्हाई आजपासनं," जाताना म्हणाले. त्या दिवशी रांग विहाराच्या ओसरीवरून रस्त्यापर्यंत गेली. कित्येकांचे दाब कमी भरले, एकाच्याही पायाला जखम नव्हती. ज्या एका पायासाठी आम्ही गेलो होतो तो तेवढा राहिला. परतीच्या बसमध्ये सिस्टरांच्या बोटांना बिडीचा वास येत होता, म्हणून त्या हात खिडकीबाहेर धरून बसल्या होत्या.

पुढे आम्ही जात राहिलो. हमाल बिड्या सोडायला लागले, निदान बोलायला लागले. बायका आपल्या नवऱ्यांना खांब विचारायला लागल्या. वखारीच्या मालकांना हे आवडले नाही, आणि ते ट्रस्टच्या एका सदस्याच्या ओळखीचे निघाले. एका सकाळी ऑफिसातून मला निरोप आला, सुलोचना सिस्टरांसाठी इंग्रजीत माफीपत्र टाइप कर, त्या सही करतील. सही केली नाही तर पुढचे सांगायची गरज नव्हती. मी चांगले पत्र लिहिले. मला तेवढेच चांगले यायचे.

"मराठीत वाच," सिस्टर म्हणाल्या.

मी वाचू लागले. "माझ्या हातून अनवधानाने..."

"अनवधान म्हंजे?"

"म्हणजे... लक्ष नसताना."

"माझं लक्ष हुतं. काट ते."

मी काटले. "...हॉस्पिटलच्या नावाला कमीपणा येईल असं वर्तन..."

"कुठला कमीपणा? पाय बघणं कमीपणा असंल तर हॉस्पिटलला कुलूप लावा. काट."

"...धडधाकट कामगारांच्या मनात विनाकारण भीती..."

"कारण हुतं. आन् धडधाकट न्हवते, कागद तुझ्याकडं हाईत. काट."

"...ह्याबद्दल मी दिलगीर आहे."

"हाईस का तू?"

"मी?"

"मी तर न्हाई. तू असलीस तर तुझ्या नावानं लिव्ह."

असे एकेक वाक्य जात जात कागदावर फक्त वरची तारीख आणि खालचे नाव उरले. सिस्टरांनी कागद उलटसुलट करून बघितला. "हां. एवढं खरं हाय. नीट टाइप करून आण."

मी परत टेबलाशी गेले. कोरा कागद यंत्रात घातला, वर तारीख टाइप केली, सतरा ओळी नुसत्या सोडल्या आणि खाली त्यांचे नाव टाइप केले. त्यांनी सही केली. मी तो कागद नेहमीच्या पाकिटात घालून वर पाठवला. 

त्यांना काढून टाकले नाही. ओपीडीतून ड्रेसिंगच्या खोलीत टाकले, बढती थांबवली, आणि यंत्राला हात लावायचा नाही असा लेखी हुकूम निघाला. डॉक्टरसाहेबांनी तो हुकूम सिस्टरांसमोरच वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यंत्र ट्रस्टचं नाही, माझं आहे. रविवारी मला ते लागत नाही. सोमवारी सकाळी नऊला टेबलावर पाहिजे."

"पावणेनऊला असंल," सिस्टर म्हणाल्या.

ह्या सगळ्यात अण्णांचा अबोला सुटला नाही. सिस्टर दर रविवारी त्यांच्याच वस्तीत बसायच्या आणि अण्णा त्या दिवशी समोरच्या रस्त्याने जायचे नाहीत, मागून जायचे. अण्णांची बायको एकदा येऊन सांगून गेली की रात्री पाय खाली सोडून बसतात, गार पडतो म्हणतात. सिस्टरांनी ऐकून घेतले. "मी त्याच्या दारात जाणार न्हाई," त्या म्हणाल्या. "मी दारात गेले तर त्यो कायमचा मागच्या दारानं जाईल." असे वर्ष गेले, आणि वर काही महिने.

मी सिस्टरांना शेवटचे पाहिले त्या रविवारची गोष्ट. पुण्याला नोकरी लागली होती, पुढच्या आठवड्यात जायचे होते. विहाराच्या ओसरीवर रांग होती. मी फॉर्म भरत होते. सिस्टर मान खाली घालून एकेका पायाला जवसाचा रस लावत होत्या. कुणीतरी समोर येऊन बसले आणि ओसरीवरची कुजबूज एकदम थांबली. मी वर बघितले. पिराजीअण्णा. हातात चपला.

"नाव?" सिस्टर म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच.

अण्णांनी माझ्याकडे बघितले. "हिला म्हाईत न्हाई व्हय माझं नाव?"

"त्यांना सांग, हितं सगळ्यांना इचारत्यात," सिस्टर मला म्हणाल्या.

"पिराजी सटवा कांबळे. लिव्ह."

"वय?"

"तिच्यापरास सहानं जास्त." मागे कुणीतरी हसले. मी हिशेब करून बावन्न लिहिले.

"बिडी?"

"न्हाई."

सिस्टरांचा पट्टा बांधणारा हात थांबला. "कधीपासनं म्हणावं?"

"धम्मचक्र दिनापासनं."

"कुणी सांगितलं म्हणून?"

"कुणाच्या बी सांगण्यावरनं न्हाई!" अण्णांचा आवाज चढला. "माझ्या मनानं सोडली. तसं लिव्हून घे, पोरी."

"लिव्ह गं," सिस्टर म्हणाल्या. "कुणाच्या बी सांगण्यावरनं न्हाई."

इंग्रजी फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. मी समासात मराठीत लिहिले.

कांडी घोट्यामागे टेकली. बराच वेळ नुसती खरखर आली. सिस्टरांनी ती केसभर सरकवली, पुन्हा सरकवली. मग तो आवाज आला, फुंकर घातल्यासारखा, दबका, पण एकामागून एक. चाबूक नव्हता. पट्टा फुगला, आवाज गेला, परत आला, सिस्टरांनी हात वर केला. मी आकडा टिपला. दंडाच्या निम्म्याहून थोडा जास्त. दुसऱ्या पायाचा थोडा बरा.

अण्णांना माझा चेहरा वाचता आला असावा. आता ते माझ्याशी बोलले नाहीत. खाली वाकून, थेट बहिणीला म्हणाले, "सुले, आबावानी कापायला लागंल?"

सिस्टरांनी मान वर केली. "बिडी परत धरलीस तर लागंल. न्हाई धरलीस, रोज चाललास, तर मी बघते कोण कापतोय."

 सिस्टरांनी फडक्याने रस पुसला. घोटा, टाच, बोटांच्या बेचक्या, जिथे रस लागलाच नव्हता तेही पुसले.

"पुढं कोण?" त्यांनी हाक दिली.

पण अण्णांच्या पावलावरचा हात त्यांनी उचलला नाही, आणि अण्णांनीही पाय मागे घेतला नाही. रांगेतला पुढचा माणूस उठून उभा राहिला, जरा वेळ बघत राहिला, आणि परत खाली बसला.